रंगवलेली दाढ

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. टीव्हीवरची तुझी मुलाखत तिला दोनदा लावून दिली, दोन्ही वेळा तिला झोप लागली. तिसऱ्यांदा लावू का विचारलं तर म्हणाली, "राहू दे, तो बोलायला लागला की थांबत नाही."

तुझं पत्र मिळालं. त्यात तू मला 'चिमणे' म्हटलंयस. लहानपणी माझी पेन्सिल हवी असली की असाच म्हणायचास, त्यामुळे पुढचं न वाचताच कळलं.

तर तुला माझ्या सहीचा कागद हवाय: उत्खननात सापडली तेव्हा दाढ जबड्यातच होती, मी फक्त माती काढली. चौकशी समितीला दाखवायला. जबडा एकाचा आणि दाढ दुसऱ्याचीच, असं तुझी विद्यार्थिनी म्हणाली, म्हणून तू तिला गटातून काढलंस. तिचा गुन्हा एवढाच की तिला डोळे आहेत. दाढ लहान, म्हणजे हा शिजवून खात असणार, एवढ्यावर तू वीस लाख वर्षांपूर्वीचा पूर्वज उभा केलास, त्याचं बारसं केलंस, त्याला चुलीपुढे बसवलंस. मुलाखतीत तर तो तुझ्या ओळखीचाच वाटला.

पण तुला नावं ठेवून मी मोकळी होऊ शकत नाही. हाडं साफ करायचं काम माझं. दोन थरांची माती एका चाळणीत धुवायची नाही, हा पहिला नियम. दाढ सापडली त्या दिवशी पाणी संपत आलं होतं, मी एकच चाळणी वापरली. जबडा काळपट तपकिरी आणि दाढ राखाडी. ही वरच्या थरातली, कितीतरी नंतरची असणार, असं मी तुला तेव्हाच म्हणाले होते. तू ती खोबणीत ठेवून बघितलीस आणि म्हणालास, "बसतेय की. रंगाचं तू बघ."

मी बघितलं. हलत होती तिथे डिंक भरला आणि प्रतिकृती रंगवायच्या ब्रशने तासाभरात रंग जुळवला. हात चांगला आहे माझा, बारा वर्षं कोणाला कळलं नाही. वाटायचं, तुझं नाव झालं की माझंही होईल. तुझ्या पुस्तकातल्या आभारांत मी ड्रायव्हरच्या खाली आहे.

त्या रागाने हे करतेय असं समजू नकोस. परवा ती मुलगी टेबल रिकामं करायला आली. खोक्यात वह्या भरता भरता तिने विचारलं, "मावशी, मी चुकीचं बघितलं का हो?" मी म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." तुझी लाज मला नेहमीच वाटते. त्या दिवशी स्वतःची इतकी वाटली की जेवण गेलं नाही.

म्हणून काल समितीतल्या दोघांसमोर मी दाढेला रसायन लावलं. रंग कापसावर उतरला, डिंक सुटला, दाढ हातात आली. कागदावर सहीही केली, मजकूर मात्र माझा आहे. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, ते आता बहुधा मिळणार नाहीत.

आईला मी सांगेन. तू सांगितलंस तर त्यात तूच बिचारा असशील.

तुझ्या पूर्वजाला रंग देणारी,
तुझी धाकटी बहीण