आजोबांच्या टोपलीतली अळंबी

तूल,
सोमवार, १२ ऑक्टोबर १९८७

ती. स्व. हुगेत आत्यास, एलोदीचा सा. न. वि. वि.

काल जे झालं ते आधी क्रमाने लिहिते. फोनवर तू मध्येच बोलतेस.

१. आजोबा जंगलातून आले. टोपली त्यांनी नेहमीसारखी टेबलावर, तुझ्या कॉटेजमधल्या डच पाहुण्यांसमोर ठेवली.
२. टोपलीत अजून न उघडलेली, अंड्यासारखी मिटलेली अळंबीही होती. ती उभी चिरून पाहतात. आत पिवळं असलं तर मेजवानी, पांढरं असलं तर मरण.
३. मी चिरली. एक पांढरं निघालं.
४. ते आजोबांच्या हातात देऊन मी रंग विचारला. ते म्हणाले, पिवळा.
५. मी टोपली चुलीत ओतली आणि पाहुण्यांना कारण सांगितलं.
६. कोणी जेवलं नाही. पाहुणे आज सकाळी निघून गेले.

हंगामात अर्धं तूल अळंबीच्या टोपल्या तपासून घ्यायला आमच्या औषधांच्या दुकानात येतं. वाईट निघतं ते मी त्यांच्या देखत फेकते. कोणी रागावत नाही. आजोबा मात्र कधी आले नाहीत. जिला मी नाक पुसायला शिकवलं तिला अळंबी काय विचारू, असं ते गावभर सांगतात.

त्यांना रंग दिसत नाही हे तुला माहीत होतं का?

लोभ आहे तेवढा राहू दे.
तुझी भाची,
एलोदी


शांतग्रेल,
गुरुवार, १५ ऑक्टोबर

चि. एलोदीस आत्याचे आशीर्वाद.

पत्र लिहिलंस की पंचनामा? म्हाताऱ्या माणसाची अब्रू क्रमांक घालून काढायची, हे तुमच्या कॉलेजात शिकवतात वाटतं.

ती डच बाई फार गोड होती गं. होडीतून नदीवर फिरून आली, गुहेतली चित्रं बघून आली, अक्रोडाच्या तेलाचा घाणा तेवढा राहिला होता. तिच्यासाठी बदक त्याच्याच चरबीत मुरवून ठेवलं होतं. ते आता मी आणि बाबा खातो. म्हणजे मी खाते.

माहीत होतं का म्हणून विचारतेस. गेल्या वर्षीच्या हंगामाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, डोळे गेले असं कागदावर आलं की जंगलही गेलं. मग मी बोलणं सोडलं आणि कामाला लागले. तेव्हापासून त्यांचं एकही अळंबं माझ्या कढईत पडलेलं नाही. टोपली मी स्वयंपाकघरात नेते, मागच्या खड्ड्यात ओतते आणि बाजारातून आणलेली अळंबी लसूण घालून परतते. तू सुरी घेऊन बसली नसतीस तर रविवारीही तेच झालं असतं. पाहुणे बोटं चाटत बाबांना विचारतात, अळंबीची जागा कुठली हो? बाबा म्हणतात, सख्ख्या लेकीला सांगितली नाही, तुम्हाला बरी सांगेन; मरायच्या वेळी एकालाच सांगणार. सगळे हसतात. बाबा सगळ्यात मोठ्याने. आमच्याकडे बघण्यासारख्या तीनच गोष्टी आहेत: गुहा, घाणा आणि बाबा. तू तिसरी बंद केलीस.

रविवारपासून ते भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. काल मला हाक मारली आणि जागा सांगितली. ओढा कुठे ओलांडायचा, कुठल्या चेस्टनटच्या झाडापासून वळायचं, सगळं. आपल्याकडे जागा कधी सांगतात ते तुला माहीत आहे.

म्हणून एक ओळ लिही त्यांना. उजेड कमी होता, माझी चूक झाली, पिवळंच होतं. मी वाचून दाखवीन. त्यासाठी कोणी तुझी पदवी काढून घेणार नाही.

माझ्यावर नसला तरी बाबांवर जीव असू दे.
तुझी आत्या,
हुगेत


तूल,
मंगळवार, २० ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास नमस्कार.

पिवळं होतं असं मी लिहिणार नाही. लिहून उपयोगही नाही.

तू कोंबड्यांकडे गेलीस की आजोबा मला दुकानात फोन करतात. रविवारचा विषय काढत नाहीत. ते विचारतात, हे विष पोटात गेल्यावर माणूस किती दिवसांत मरतो. आधी उलट्या होतात का. मधे एखादा दिवस बरं वाटतं का. इतर कोणाला दिली असती तशी मी उत्तरं दिली. ते म्हणाले, म्हणजे गास्तोंचं तसंच झालं.

शेजारचा गास्तों गेल्या हंगामात तुझ्या टेबलावर जेवला आणि त्याच आठवड्यात गेला. दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे. मी तेच सांगितलं. आजोबा म्हणाले, म्हाताऱ्याच्या दाखल्यावर डॉक्टर हृदयच लिहितात, दुसरं शोधायचा कंटाळा.

१ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सगळं गाव शेवंती घेऊन कबरींवर येईल. तिथे, सगळ्यांसमोर, ते गास्तोंच्या बायकोला, इरेनला, सांगणार आहेत की तुझ्या नवऱ्याला मी मारलं. इरेनने थोबाडीत मारली तर मारू दे, असंही म्हणाले. जागा त्यांनी तुला सांगितली ती यासाठी. त्यानंतर आपल्याला जंगलाकडे जायचं तोंड राहणार नाही, असं त्यांना वाटतं.

गास्तोंने बाजारातली अळंबी खाल्ली होती. हे तुला आणि मला माहीत आहे, त्यांना नाही. हे कळलं की ते खुनी उरत नाहीत. त्याच वाक्यात त्यांना हेही कळेल की वर्षभर त्यांचं कोणी काही खाल्लं नाही, कौतुक बाजाराचं चाललं होतं, आणि ते आत हसत असताना त्यांची टोपली मागे खड्ड्यात पडत होती. यातलं अर्धंच सांगता येईल असं मला काही सुचत नाही. तुला सुचलं असतं तर तू ते कधीच केलं असतंस.

जीव असू दे म्हणालीस. आहे, म्हणून फोनवर बोलून टाकलं नाही. खड्डा तुझा आहे, तेव्हा पहिला हक्क तुझा. लोभाचं नंतर बघू.

त्यांना तू सांगणार की मी, एवढंच लिही. बुधवार, २८ ऑक्टोबरपर्यंत उत्तर यावं.

एलोदी