तिसरं बटण

आई, तुझा तो लाकडी बोर्ड अजून माझ्याकडे आहे. दोन पांढरी बटणं, झिरोचा बल्ब आणि कोपऱ्यात तू नंतर लावून घेतलेलं तिसरं, लाल बटण. तू गेल्यावर सक्करदऱ्याचं घर सुटलं, सामान वाटलं गेलं, पण बोर्ड मी कुणाला दिला नाही. आज तो समोर काढून बसलोय, कारण उद्या ऑफिसात एक कागद लिहून द्यायचा आहे आणि माझं चित्त थाऱ्यावर नाही. मालकांना हवा तसा लिहिला तर एका माणसाची नोकरी जाईल, कदाचित त्याच्यावर केसही होईल. नाही लिहिला तर पाळी माझी.

कॉलेजात तू तर्कशास्त्र शिकवायचीस आणि छापील मराठी बोलायचीस. घरी आलीस की ती मराठी चपलांसोबत दारातच राहायची. पोरांच्या डोक्यात युक्तिवाद काही केल्या शिरेना, म्हणून तू हा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलास, आणि वर्गात नेण्याआधी प्रयोग माझ्यावर. तू ओट्याशी पोळ्या लाटते आहेस, मी खाली पाटावर बोर्ड घेऊन बसलोय. ‘दूध उतू गेलं तं गॅस विझते. गॅस विझला. म्हणजे दूध उतू गेलं. बरोबर का चूक?’ मी लगेच बरोबर म्हणतो. ‘मंग बटनं दाबून पाह्य.’ एक बटण दूध उतू गेल्याचं, एक गॅस विझल्याचं; दाबलं तर ते खरं, नाही तर खोटं. मागच्या तारा तू अशा जोडलेल्या, की दिलेली वाक्यं खरी आणि निष्कर्ष खोटा असं एकदा जरी जुळलं, तर बल्ब पेटणार. बल्ब पेटला की युक्तिवाद पडला. मी दुधाचं बटण बंद ठेवतो, गॅसचं दाबतो, आणि बल्ब पेटतो. ‘सिलिंडर बी संपू शकते ना गा,’ तू मागे न बघता म्हणतेस. मग तू तारा बदलतेस आणि वाक्यं सुलटी करतेस: दूध उतू गेलं, म्हणून गॅस विझला. आता काहीही दाबा, बल्ब ढिम्म. न पेटणं म्हणजे जिंकणं, हे मला तेव्हा फार विचित्र वाटायचं.

एकदा मी चावटपणा केला, तो तुझ्या लक्षात असेलच. ‘अभ्यास करणारा पास होतो, मी पास झालो, म्हणजे मी अभ्यास केला’ हे मला सिद्ध करायचं होतं, कारण तलावाकडे खेळायला जाणं त्यावर अवलंबून होतं. तुझी पाठ वळली तसा मी बल्ब होल्डरमध्ये जरासा ढिला केला आणि ऐटीत सगळी बटणं खालीवर करून दाखवली. तू पिठाचे हात पुसत आलीस, बल्बला बोट लावून हलवलंस आणि पाठीत धपाटा घातलास. ‘काहून गा, बल्ब पेटून नाही राहिला म्हणून तू खरा झाला का? आधी तो पेटू शकते का नाही, ते तं पाह्य!’ खेळायला जाणं बुडालंच. पुढे तू हे लाल बटण लावून आणलंस. ते दाबलं की बाकी सगळं सोडून बल्ब थेट पेटायचा. तेव्हापासून तुझा नेमच झाला: आधी लाल बटण दाबून बल्ब पेटवून दाखवायचा, मगच युक्तिवाद. संध्याकाळी देवापुढे दिवा लावावा, तशी तू ते न चुकता करायचीस.

मी आता लिफ्टची कंट्रोल कार्डं, म्हणजे लिफ्ट कधी हलेल हे ठरवणारी सर्किटं, बनवतो. दार लागलं आहे आणि वजन मर्यादेत आहे आणि कुणी बोलावलं आहे, तरच लिफ्ट हलेल. तुझीच वाक्यं, फक्त तांब्याच्या रेघांत. बेसा भागातल्या एका बिल्डिंगमध्ये यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला वरच्या मजल्यावर खूप पाहुणे होते. जो तो दार अर्धवट सोडून जायचा आणि लिफ्ट अडून बसायची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने दाराच्या स्विचच्या तारा एकमेकींना पिळून दिल्या. मग दार उघडं असो वा लागलेलं, कार्डाला एकच खबर: लागलंय. एक काकू लिफ्टमधून बाहेर पडत होत्या, तेवढ्यात खालून कुणी बोलावलं आणि लिफ्ट निघाली. काकूंचा पाय कापावा लागला.

मेकॅनिक परवा माझ्याकडे आला होता. खुर्ची दिली तरी बसेना. ‘साहेब, सेक्रेटरी म्हणे, लोकं उपाशी थांबून राहिले, आजच्या दिवस चालू कर. सगळेच करते जी असं. मी सकाळी काढणारच होतो.’ मला त्याचा राग आला, खूप आला, आणि दयाही आली. आमच्या कंपनीचे मालक म्हणाले, ‘तुमचं सर्किट ओके आहे ना? मग तेवढंच लिहून द्या, विषय खतम.’

सर्किट ओकेच आहे, पुन्हा पुन्हा तपासलंय. सर्किट चुकलं नसेल तर चूक मेकॅनिकची; सर्किट चुकलेलं नाही; म्हणून चूक मेकॅनिकची. तुझ्या सुलट्या दूध-गॅससारखाच आकार, आणि बोर्डामागच्या तारा तशाच जोडलेल्या. मघाशी मी दोन्ही बटणं उलटसुलट दाबून पाहिली. बल्ब पेटला नाही. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. आणि मग तुझा धपाटा आठवला.

दाराचा स्विच कधी ‘उघडलंय’ म्हणू शकतो का, हे माझं कार्ड विचारतच नाही. त्या दिवशी लिफ्टमधलं वजन वाढत होतं, घटत होतं, माणसं चढत-उतरत होती, आणि दार म्हणे एकदाही उघडलं नाही! तुझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरानेही म्हटलं असतं, हे कसं शक्य आहे. वजनाची खबर कार्डापर्यंत येतच होती. ती आणि दाराची खबर ताडून पाहणारं एखादं गेट, म्हणजे सर्किटमधला एक छोटासा जोड, कार्डावर जास्तीचं टाकलं असतं, तर तारा पिळलेल्या असूनही लिफ्ट जागीच थांबली असती. कुणी मागितलं नाही आणि मला सुचलं नाही. तारा पिळणं ही मेकॅनिकची चूकच. पण माझ्या युक्तिवादाचं पहिलंच वाक्य लंगडं आहे, आणि उद्या मी त्याखाली सही करणार होतो.

कागद मी नव्याने लिहिलाय. त्यात त्याची तारही आहे आणि माझं न टाकलेलं गेटही. सही अजून केलेली नाही, घरात कुणाला बोललो नाही. भीती वाटते वं आई.

आणखी एक. घरी कुणी आलं की मी हा बोर्ड दाखवतो, माझ्या आईचा म्हणून. बटणं खालीवर करतो, बल्ब पेटत नाही, पाहुणे वा वा करतात, मी तुझ्याबद्दल चार शब्द बोलतो. इतक्या वर्षांत लाल बटण मी एकदाही दाबलं नव्हतं. आज दाबलं. बल्ब गेलेला आहे. कधीचा, ते मला माहीत नाही.