पन्नास तासांची तपासणी

३ मार्च १९७६, बुधवार
नातेपुत्यापर्यंत एस.टी., पुढे चार मैल बैलगाडी. जागा मनापासून आवडली. चहूकडे मोकळं माळरान, मध्ये विहीर आणि विहिरीवर पाणी योजनेचं पंपघर. हवाई दलात अकरा वर्षं लढाऊ विमानांवर हात काळे केलेल्या माणसाला इथलं डिझेल इंजिन म्हणजे खेळणंच. पंपघराशेजारी गोजाबाईंची खोली भाड्यानं मिळाली. विधवा बाई, साठेक मेंढ्या, बोलायला मोकळ्या. दिवे लागायच्या आत हुलग्याचं माडगं आणि भाकरी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, लाजायचं न्हाय. आता तुमी हितलंच की." पोटभर जेवलो. फार दिवसांनी बरं वाटलं.

५ मार्च
गोजाबाईंचा नवरा गुंडा दोन वर्षांपूर्वी माळावर मेंढ्या चारताना गेला, एवढं गाडीवान मल्लप्पानं सांगितलं. कशानं गेला, ते मी विचारलं नाही. आज त्यांच्या मेंढवाड्याचं फाटक कुरकुरत होतं म्हणून तेल द्यायला गेलो. फाटक पत्र्याचं. पत्रा हलका, आतून हिरवट रंगाचा. मधोमध ठिगळ. अकरा रिवेट, खालचा एक तिरका.
तो तिरका रिवेट मी ठोकलाय.

८ मार्च
तीन दिवस वही उघडली नाही. आता लिहूनच टाकतो.
तो पत्रा ज्या विमानाचा, ते बासष्ट साली आमच्या तुकडीत आलं, मी त्रेसष्टला. पासष्टच्या लढाईत त्याच्या शेपटीत गोळी घुसली. ठिगळ मी बसवलं. एकाहत्तरला तुकडीत सगळ्यात जास्त उड्डाणं त्याचीच. आम्ही त्याला 'म्हातारी' म्हणायचो. चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत त्याची पन्नास तासांची तपासणी, म्हणजे दर पन्नास तास उडल्यावर करायची ती, माझ्याकडे आली. इंधनाच्या नळीचा जोड उघडून बघायचा असतो. मला रजेवर जायचं होतं, गाडी चुकली असती. न उघडताच सही केली. दुसऱ्या दिवशी ते जळत खाली आलं. पायलट चोवीस वर्षांचा. चौकशीत पक्षी धडकल्याचं ठरलं. मी तोंड उघडलं नाही. पुढे नोकरी सोडली.
अहवालात होतं : 'माळरान, सोलापूर जिल्हा. जमिनीवर एक इसम मृत.'
या नोकरीच्या जाहिरातीत सोलापूर जिल्हा वाचला आणि त्याच दिवशी अर्ज टाकला. का, ते मला सांगता येणार नाही. त्या इसमाचं नाव गुंडा.

११ मार्च
सकाळी अकरा वीसला विमानाचा आवाज. आभाळ स्वच्छ, रिकामं. सगळ्या मेंढ्या एकदम माना घालून एकमेकींच्या पोटाखाली शिरल्या. गोजाबाई लेंड्या झाडत होत्या. त्यांना विचारलं. हातातला झाडू न थांबवता म्हणाल्या, "व्हय, रोज येतंय. दोन सालं झाली. कुणाला तरी हुडकतंय जणू."
मग आपणहून सांगितलं. त्या दिवशी त्यांना आधी पायलट दिसला. कुणाचं तरी लेकरू म्हणून त्याच्यावर आपलं घोंगडं घातलं, आणि मग नवऱ्याला शोधायला गेल्या.

१३ मार्च
काल पंपाच्या नोंदवहीत लिहिलं होतं : इंजिन चाललं, ३ तास. आज त्याच जागी १४१२ तास ४० मिनिटं. अक्षर माझंच.
म्हातारी पडली तेव्हा तिचे एकूण तास एवढेच होते.

१४ मार्च
१४१३ तास २० मिनिटं. म्हणजे ती अजून उडतेय.

१६ मार्च
आजची नोंद : 'पन्नास तासांची तपासणी — बाकी.' पान फाडलं. पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्यावरही. पंपघरात रॉकेलसारखा वास, विमानाच्या इंधनाला येतो तो. इथे डिझेलशिवाय काही नाही —

१७ मार्च
सांगितलं. गोजाबाईंना सगळं सांगितलं. फाटकापाशी नेऊन रिवेट दाखवला. रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. त्या ठिगळावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "दोन सालं म्हनत हुते, देवानं न्हेलं. आता देवाला काय सांगू?"
तरी संध्याकाळी भाकरी आणून ठेवली. गरम होती. माझ्यानं तुकडा मोडवला नाही.

१८ मार्च
गोजाबाई सकाळीच मेंढ्या घेऊन गेल्या — विहिरीपलीकडच्या त्याच माळावर. नवरा गेल्यापासून त्यांनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. मल्लप्पानं अडवलं तर म्हणाल्या, एकदा डोळ्यांनी बघू दे, काय हुडकतंय ते.

अकरा वाजून दहा. पंपघरात वासानं डोळे चुरचुरतायत.

आवाज आला. आज वर नाही — खाली, फार खाली —

दिसतंय. खिडकीतून दिसतंय. पोटाखालून आग — तोंड माळाकडे —

मेंढ्या एकमेकींखाली शिरल्या. गोजाबाई पाठमोऱ्या, नुसत्या उभ्या. त्यांना दिसत नाही. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर — आणि मी इथे बसून लिहि— या वेळी तरी ऊठ — उठलो — गोजाबा