चल्लसची तोड

धारूर, ६ ऑगस्ट २०२४

प्रिय सत्यशीलास, सोमेश्वरचा स. न. वि. वि.

विनंती नावापुरती, ही फिर्याद आहे. गेल्या वर्षी तू बढती घेऊन गडचिरोलीच्या दवाखान्यात गेलीस, तेव्हापासून जेवणानंतरचा चल्लसचा डाव मी एकटाच मांडतो. उजवा हात मी, डावा हात तू. तर डावा हात लबाड निघाला. चिंचोके टाकताना बोटानं दान फिरवतो, अन् पकडला की उजव्यावरच आळ घेतो. दोघांचा वकील मी, मुन्सफही मीच, आणि निकाल कुणालाच मान्य नाही. माणसानं अशा घरात नांदावं कसं, हे कळवावे.

उपाय काढला आहे. चल्लस मोबाईलवर आणायचा. माझ्या मोबाईलवर तुझी बाजू मशीन खेळेल, तुझ्या मोबाईलवर माझी. माझी भाची ऋतुजा संभाजीनगरला कॉम्प्युटर शिकते, तिला विचारलं. ती म्हणाली, मामा, आधी इंजिन निवडा. हे मी पारावर बोललो, ती चूक झाली. पंपांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या शहादेवानं तिथंच विचारलं की पाच हॉर्सपॉवरचं की साडेसातचं, अन् मास्तरला विहीर कवा झाली? गेम इंजिन म्हणजे चित्र हलवणं, दान पाडणं, आवाज काढणं ही कामं आयती करून देणारं सॉफ्टवेअर, हे समजावून सांगेपर्यंत पारावर गर्दी जमली.

ऋतुजानं तीन नावं दिली. युनिटी थोरामोठ्यांचं, आपल्या चपट्या पंचवीस घरांसाठी ते म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीला ट्रॅक्टर जोडणं. गोडो फुकट, हलकं, पण त्याची भाषा शिकावी लागते. जीडेव्हलपमध्ये भाषाच नाही. ‘जर असं झालं, तर तसं कर’ अशी वाक्यं जुळवत जायचं. मला गोडो बरं वाटतं. चित्रकलेच्या मास्तरला कोडिंग येतं, असं चार लोक म्हणाले तर काय वाईट? तुझं मत दे.

लोभ आहेच; तो रेंजवर अवलंबून ठेवू नये.

तुझा,
सोमेश्वर

---

गडचिरोली, २४ ऑगस्ट २०२४

श्री. मास्तरांना, सत्यशीलाचा सा. न. वि. वि.

डाव्या हाताची बाजू ऐकल्याबिगर मी निकाल देणार न्हाई.

इंजिनाचं म्हणाल तर आमच्याकडं नवी सिस्टर आली की पहिल्याच दिवशी तिला बाळंतपण देत न्हाईत. आधी ताप बघ, बीपी बघ. हात बसला की मग पुढचं. तुमी गोडो घ्याल, पंधरा दिवस सगळ्यांना सांगत फिराल, अन् मग लॅपटॉपवर टॉवेल टाकून ठेवाल. हार्मोनियमचं तेच झालं. जर-तरवालं घ्या. ते पुरं होईल. पुरं झालेलं लहान काम मोठ्या अर्ध्या कामापेक्षा लई बरं.

एकच अट, खेळ नेटशिवाय चालला पाहिजे. हितं रेंजसाठी दवाखान्यामागच्या टेकाडावर चढावं लागतं, म्हणून तर तुमचं अक्षर वाचायचं नशिबी आलं. ड्युटी संपली की जेवण एकटीचं. ताट विसळून झालं तरी हात चिंचोके धुंडाळतेत.

दूध रोज घेत जावा. माया कळवायला कागद पुरत न्हाई, ओळखून घ्या.

सत्यशीला

---

धारूर, २० सप्टेंबर २०२४

प्रिय सत्यशीलास, स. न. वि. वि.

जर-तरवालं घेतलं. हार्मोनियमचा उल्लेख अनावश्यक होता, तरी घेतलं.

पट मीच रंगवला. तुझ्या सोंगट्या हिरव्या, माझ्या लाल. चिंचोके पडतात तसा आवाजही भरला. त्यासाठी खरेच चिंचोके फरशीवर टाकले. नेट लागत नाही. ऋतुजाला मात्र मूळ नियम समजावावा लागला, की समोरच्याची एक तरी सोंगटी मारली, म्हणजे तोड झाली, तरच आपल्याला आतल्या घरांत शिरता येतं. तोड नाही तर बाहेरच फिरत राहायचं.

आणि घोटाळा तिथंच आहे. तुझी बाजू मशीन खेळतं आणि त्याची सोंगटी माझ्या हाताला लागतच नाही. आठवडा होत आला, मी एकदाही आत गेलो नाही. गावाबाहेर मुक्काम ठोकल्यासारखा कडेकडेनं फिरतोय. ऋतुजानं सगळी वाक्यं तपासली. ती म्हणते, मामा, खेळ बरोबर आहे. मग तुझ्याशी खेळताना मला रोज तोड कशी मिळायची? मी तर बऱ्यापैकी खेळाडू आहे. कुठलं जर-तर राहिलं, ते तूच सांग.

इथं सर्व कुशल, म्हणजे जेवढं एकट्याला जमतं तेवढं.

सोमेश्वर

---

गडचिरोली, ५ ऑक्टोबर २०२४

श्री. मास्तरांना, सा. न. वि. वि.

सांगू का नको, असं दोनदा झालं. अवो, तुमी बऱ्यापैकी खेळाडू कधीच नव्हता. मी दान मुद्दाम चुकीचं मोजायची अन् सोंगटी तुमच्या पुढ्यात आणून ठेवायची. दिवसभर शाळेत पोरांशी हरून, हेडमास्तरशी हरून यायचा तुमी. त्या माणसाला घरातबी बाहेरच फिरवायचं का? मशीनला ह्ये कुणी शिकवावं? त्याची चूक न्हाई. ऋतुजाला रागवू नका.

दिवाळीचं विचारणार तुमी, म्हणून आधीच लिहिते. मागच्या दिवाळीची रजा मी शिवकन्या सिस्टरला दिलती, तिचं लेकरू लहान हाय. यंदाबी ती विचारतीया. मी हो म्हणलं न्हाई, अन् न्हाई म्हणायला तोंड उघडत न्हाई. काल टेकाडावर चढले तर रेंज सोडून आपलं गाव कुठल्या अंगाला असंल तेच बघत बसले. सूर्य बुडतो ती बाजू असावी.

आठवण काढू नका म्हणणार न्हाई. काढा.

सत्यशीला

---

धारूर, १५ ऑक्टोबर २०२४

प्रिय सत्यशीलास,

तुझं पत्र वाचलं.

पाकिटात मेमरी कार्ड आहे, कापसात गुंडाळलंय, जपून काढ. खेळ उघडला की पट मांडलेला दिसेल. त्यात ऋतुजाला न विचारता एक वाक्य मी माझं घातलंय. जर हिरवी सोंगटी आत जायच्या वाटेवर आली, तर लाल सोंगटी तिच्या पुढच्या घरात येऊन बसेल आणि हलणार नाही. दान काहीही पडो, ती तिथंच बसलेली असेल.

संकोच करू नको. मार, आणि घरात ये.

सोमेश्वर