शपथेवर वाढलेल्या बांगड्या

अंधेरी,
१२ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. कुंदास, ताईचे अनेक आशीर्वाद. मुलुंडची थंडी अनंतरावांच्या दम्याला सोसते ना? तुझी टाच दुखायची थांबली का? इकडे सगळे सुखरूप आहोत. फक्त परवा मी तुरुंगात जाता जाता राहिले.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मार्तंडराव. जिन्यात मासळीचा वास नको म्हणून त्यांनी वर्सोव्याच्या आपल्या कोळणीला, सरूबाईला, पाटीसकट ढकललं. (ताजा हलवा होता गं! आईच्या कालवणाची आठवण होऊन मला रडूच आलं.) तिचं मनगट कापलं, तिने कोर्टात फिर्याद केली आणि पाहणारी मी एकटीच. माझी साक्ष फिसकटली असती, तर तिला आमचा जिना कायमचा बंद.

शपथ घेऊन मी सांगितलं, "मार्तंडरावांनी ढकललं आणि तिच्या बांगड्या वाढल्या." मार्तंडरावांचे वकील मराठीत कच्चे. "आधी किती होत्या?" "हातभर." "नंतर?" "एकही नाही." "मग वाढल्या की कमी झाल्या?" "वाढल्या म्हणूनच कमी झाल्या ना!" झालं! ते ओरडले, शपथेवर खोटं, सात वर्षं होतील! (शाळेत सिस्टर खोट्यासाठी नुसतं गुडघ्यांवर बसवायच्या.) मॅजिस्ट्रेट साहेब हसू दाबत म्हणाले, खोट्या साक्षीला नुसती शपथ पुरत नाही, बोलणं खोटं असावं लागतं, आणि ते खोटं आहे हे बोलणाऱ्याला ठाऊकही असावं लागतं. "बाई, तुम्ही सरळ 'फुटल्या' म्हणा." मी तोंड उघडणार तोच सरूबाई कडाडली, "ए बाय, तो शबुद काढू नको! माजा नाखवा दर्यान हाय!"

खरंच, नवरा समुद्रावर असताना बायकोच्या बांगड्या फुटल्या, असं कसं म्हणायचं? शेवटी कॉन्व्हेंट कामी आलं. "द बँगल्स ब्रोक, सर," मी म्हटलं. इंग्रजीतलं अशुभ वर्सोव्याच्या दर्याला कळत नाही. सरूबाईने मान डोलावली, साहेबांनी लिहून घेतलं, आणि मार्तंडराव मुकाट्याने माफी मागून मोकळे झाले. काल सरूबाई पाटी घेऊन थेट तिसऱ्या मजल्यावर!

तुझी,
उत्तराताई

ता. क. : मार्तंडराव म्हणजे आमच्या ह्यांचे पत्त्यांतले जोडीदार, म्हणून कोर्टाचं मी ह्यांना सांगितलेलं नाही. (माफी मागितल्याचं मार्तंडराव तरी कुठे सांगणार?) परवा दिवसभर मी तुझ्याकडे होते, असं सांगितलंय. विचारलं तर हो म्हण. बोलणं खोटं, ते तुला ठाऊकही आहे, पण शपथ कुठाय? गुन्हा होत नाही.

आणखी एक : तू मला वालाचं बिरडं वाढलंस, असं मी बोलून बसले. ते तुला जन्मात जमलेलं नाही, हे ह्यांना पक्कं माहीत आहे, आणि रविवारी हे तुझ्याकडेच जेवायला यायचं म्हणताहेत. मागच्या पानावर कृती लिहिली आहे. वाल आजच भिजत घाल.