खांबाचं पान

प्रिय तुळजा,

चाचणी पुढं ढकललेली नाही. सोमवारी सकाळी नऊला, कलबुर्गीलाच. वीज खात्यातल्या अनिलकुमारला मी आज स्वतः विचारून घेतलं. खांबावर चढून दाखवल्याशिवाय नोकरीची ऑर्डर मिळणार नाही, हेही त्यानं पुन्हा सांगितलं. वसतिगृहात कुणी काही म्हटलं तरी सराव सोडू नकोस.

इकडं खजुरी गावात तूर चांगली आहे. तुझी आई परवा शाळेत येऊन गेली. दोन महिने तू आजोबांचा फोन घेत नाहीस, एवढं सांगितलं आणि चहा न घेताच निघाली.

दहावीला मी तुम्हाला एक पुस्तिका दिली होती, 'पुढे काय व्हाल?' जुन्या मासिकांतली चित्रं कापून मीच केलेली. नर्सच्या पानावर बाई, विजेच्या पानावर खांबावर चढलेला गडी. तू उभी राहून विचारलंस, "बाई, खांबाला कळतंय का, कोन चढायलंय?" वर्ग हसला. मीही हसले आणि पान उलटलं. तुझ्या आजोबांनी, गुंडाप्पांनी, जन्मभर मेंढरं राखली; त्या कामाला तर मी पानच दिलं नव्हतं. तरी त्यांनी, वाचता येत नसताना, ती पुस्तिका ट्रंकेत जपली.

वीज खात्याच्या यादीत तुझं नाव आलं तेव्हा लोकांनी त्यांना छेडलं, "काय गुंडाप्पा, पोरगी खांबावर, मंग जावई चुलीपाशी का?" ते पुस्तिका घेऊन सरळ माझ्याकडं आले आणि विजेचं पान उघडलं. "बाई, हितं बाईमाणूस न्हाई. कामून?"

मुलींचं काम नाही ते, असं मी म्हणाले. तुळजा, 'ही नोकरी नको' असा आजोबांनी तुला फोनवर दिलेला नकार माझा होता. त्यांनी तो स्वतःच्या नावावर घेतला. खरं तर मला तसं चित्र सापडलं नव्हतं, एवढंच. मी ते नियमासारखं सांगून बसले.

काल त्यांच्या घरी जाऊन हे कबूल केलं.  ऐकून ते म्हणाले, "पयली गाडी किती वाजता हाय?" मी उठले तेव्हा ते हळूच म्हणाले, "तिला तुमचं नाव नगा सांगू. पोरगी तुमाला लई मानतीय."

म्हणून हे पत्र. सोमवारी ते मैदानाच्या कुंपणापाशी उभे असतील. आपणहून हाक मारणार नाहीत. तू मार.

तुझीच,
सुशीलाबाई