सव्वा मुठीची शाळा

१० ऑगस्ट १९२६

धुळ्याहून उत्तर आलं – एकदाचं! गावात शाळा हवी तर शिकणारांची निदान तीस नावं पंधरा दिवसांत पाठवा. तीस!

दिवसभर दारोदार हिंडलो. 'पोरं किती?' म्हटलं की बाया तोंड फिरवतात. कोणाला वाटतं नजर लागेल, कोणाला वाटतं देवी टोचणारा येणार. एकीनं तर मांडीवरचं पोर डालग्याखाली झाकलं आणि म्हणते, 'माले पोऱ्याच नही!' डालग्यातून टाहो ऐकू येतोय. म्हणे मांजर शे.

संध्याकाळपर्यंत नावं तीन. त्यातलं एक दोनदा लिहिलेलं.

११ ऑगस्ट

पुना आबा आज ओट्यावर येऊन बसले. माझे थोरले चुलते, भाऊबंदात सर्वांत वडील. म्हणाले, 'झुलाल, शाया कसाले? तू शे ना पत्र वाचाले!'

मी आहे, हीच तर फजिती! साक्रीला मामाकडे राहून चौथी झालो आणि गावाची पत्रं माझ्या गळ्यात पडली. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसून बसली, सगळं आधी मला कळतं. मजाच असते म्हणा. पण गेल्या माघात मी चार दिवस गावाबाहेर होतो, तेव्हा ताईबाईला भुसावळहून पत्र आलं. तिनं ते पदराला गाठ मारून ठेवलं – झुलालभाऊ येतील तेव्हा वाचतील. तिचा मुलगा वना तिकडे कामाला. 'फार आजारी आहे, निघून या' एवढंच होतं त्यात. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं.

चार दिवस ते पत्र तिच्या अंगावर होतं! मला हे विसरता येत नाही. आबांना हे सांगितलं नाही. उगीच भांडलो.

१२ ऑगस्ट

रविवारी कानबाई देवीचा सण. आज भिकुबाई काकूच्या ओसरीत नैवेद्याच्या रोटांचे गहू काढले. सारा भाऊबंद जमला – म्हणजे चार घरं सोडली तर सारं गावच. दर पुरुषामागे सव्वा मूठ. काकू नाव घेते, मूठ सुपात पडते.

आणि इथं कोणी लपवत नाही! देवीला खोटं सांगायची कोणाची छाती? डालग्यातलं मांजरसुद्धा आज नावानिशी निघालं. मी कोठीआड पेन्सिल घेऊन बसलो. एवढी खरी खानेसुमारी सरकारलाही जमायची नाही. चाळीस नावं!

शेवटी काकूनं आमच्या घरचीच्या पोटाकडे पाहिलं. (तिचं नाव लिहीत नाही. वहीतसुद्धा लाज वाटते.) सहावा चालू आहे. काकू म्हणाली, 'हाऊ चुडामण!' आणि टाकली मूठ. एक्केचाळीस.

१४ ऑगस्ट

शाळेत बसण्याजोगे मोजले. एकवीस. उरलेले अकरा मिशावाले, आठ मांडीवरचे, एक पोटात.

एकवीसवर शाळा मिळत नाही. मागवलेला कागद पुन्हा पाहिला – नावाचा रकाना आहे, वयाचा नाही. सरकारनं विचारलं नाही ते आपण कशाला सांगा? आगाऊपणा बरा नव्हे. एक्केचाळीसही नावं पाठवली. खोटं एकही नाही. देवीसमोर घेतलेली आहेत!

१८ नोव्हेंबर

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी गूळ वाटला. काकू दारात बसून राहिली – 'मंग चुडामण कोठे गया?'

आनंद झाला, खरंच झाला. पण मनात धुळ्याचा कागद. एक नाव खोटं पडलं.

३० नोव्हेंबर

बारसं. नाव यशोदा. आबा कानात म्हणाले, 'कागदवर काय शे?' म्हातारा बेरकी आहे.

३ जानेवारी १९२७

मंजूर!! मास्तर आले – मोतीलाल मास्तर. बारीक, चष्मा, हातात ट्रंक आणि छत्री. शाळेला जागा नव्हती, मी गोठा दिला. सारवून घेतला. बैल ओसरीत बांधले. घरची म्हणाली, 'आते मी कोठे बसू, दावनवर?'

४ जानेवारी

लिहायलाही लाज वाटते.

मास्तरांनी पट उघडला. 'पुना दगा पाटील!' तंबाखू मळत आबा म्हणाले, 'काय शे?' मास्तर हसले – 'आजोबा, विद्यार्थी पाहिजे.' 'पुना दगा मीच शे!' मग दुसरं नाव, तिसरं. सातव्या मिशीवाल्यापर्यंत मास्तरांचं हसू संपलं होतं. 'चुडामण झुलाल पाटील!' मी घरात गेलो, यशोदेला दुपट्यासकट घेऊन आलो. मास्तरांनी दुपट्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं.

'पाटील, मला कुठे आणून घातलंत तुम्ही?'

मी सगळं सांगितलं. वनाचंही सांगितलं. मास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, 'खोट्या पटावर मी सही करणार नाही. वर कळवणारही नाही. पण ज्याचं नाव आहे, तो रोज इथे बसलाच पाहिजे.'

'तान्ही पोरंसुद्धा?'

'पटावर आहेत ना?'

१७ जानेवारी

भरते आहे शाळा! पुढे एकवीस पोरं, मधे अकरा म्हातारे-बाप्ये, मागे नऊ तान्ही. तान्ही एकटी कशी बसणार? म्हणून नऊ आया. संध्याकाळी बैलही येऊन दारात उभा राहतो, जागेवरचा हक्क सोडत नाही.

भिकुबाई काकू घरोघरची दळणं अडली म्हणून भांडायला आली – 'बठ्ठ्या बाया आठे बसन्यात, दयन कोन दयी?' मास्तर घाबरून फळ्याआड गेले.

२ फेब्रुवारी

मास्तर म्हणाले पृथ्वी गोल आहे. आबा उठून उभे – 'गोल शे ते मना वावरनं पानी एकच बाजूले कसाले जास?' यावर दोन तास गेले. पोरांनी आबांच्या बाजूनं मत दिलं.

११ मार्च

बाप्ये गव्हाच्या कापणीला लागले, शाळेत फिरकत नाहीत. आया मात्र रोज. का नाही येणार? जातं नाही, सासू नाही, सावलीत बसायला मिळतं. आमची घरचीही जाते, मांडीवर पोर घेऊन डुलक्या काढत असेल. मी काही बोलत नाही.

२६ मार्च

चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघोट्या. पोरीची दृष्ट काढण्यापायी काही करत असतील बाया. एवढी शाळा आणली तरी खुळं जात नाहीत!

९ जुलै

धुळ्याचे दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. तेवीसला. 

मास्तर म्हणाले, 'तीस खरे विद्यार्थी दिसले नाहीत तर शाळा बंद. मी तर जाईनच.' मी पुन्हा मोजले. एकवीस. कितीही वेळा मोजा, एकवीसच.

ताईबाई वाटेत भेटली. म्हणाली, 'भाऊ, शाया बंद व्हई का?' मी 'चिखल फार झाला' म्हणालो आणि निघालो.

२३ जुलै

 नीट लिहितो.

साहेब आले, पोटरीपर्यंत चिखल. चहा नको, पट आणा. मिशावाले एकेक करून खोडले. आबा खवळले – 'मनं नाव काटं? माले सातना पाढा येस!' 'म्हणा.' साती पाचे पस्तीसपर्यंत गेले आणि मग खोकला आला. मुद्दाम आणला, मला माहीत आहे.

मग तान्ही. 'चुडामण झुलाल पाटील!'

घरची उभी राहिली. पोर कडेवर. 'हजर शे.'

साहेब म्हणाले, 'छान! आणि याला वाचता येतं?' धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ही साहेबाकडे न बघता, खांबाकडे बघून म्हणाली –

'तिले नही येत. माले येस.'

'तिला?' साहेबांनी पटात पाहिलं. पण तोवर हिनं फळा वाचायला घेतला होता. 'गाय दूध देते. बैल नांगर ओढतो.' अडखळली नाही! वर आपल्याकडून म्हणाली, 'आन आमना बैल शायामा ई उभा ऱ्हास, ते लिखेल नही.'

सगळा गोठा हसला. मी नाही हसलो. मला एकदम चुलीमागची भिंत आठवली.

नऊ जणींना उठवलं. सात जणींनी वाचलं, दोघी लाजल्या, पण पाटीवर लिहून दिलं. साहेब बोटं मोजत होते. एकवीस आणि नऊ. मास्तर म्हणाले, 'पण साहेब, वय...' (सरळ माणसाशी गाठ पडू नये, ती अशी!) साहेब म्हणाले, 'वयाची अट मुलग्यांना लिहिली आहे. आयांबद्दल नियमात एक अक्षर नाही. कोणाला सुचलंच नसेल. घाला नावं.'

मास्तरांनी टाक बुडवला. 'बाई, पूर्ण नाव?'

ही गप्प. नवऱ्याचं नाव घेणार कशी? मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही गप्प! सात वर्षांत चारचौघांत हिचं नाव घेतलेलं नाही, जीभच वळेना. साहेब म्हणाले, 'काय हो, नाव विसरलात की काय दोघं?'

तेव्हा हिनं पोर माझ्याकडे दिलं, पाटी घेतली, आणि लिहिलं. झुंबरबाई झुलाल पाटील. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, लिहायचं नाही असं कुठं आहे!

शाळा राहिली. मी पोर घेऊन ओसरीत गेलो आणि बैलाशेजारी उभा राहून रडलो.

२५ जुलै

ताईबाईनं शाळेत नाव घातलं. मास्तरांना म्हणाली, 'माले फक्त पत्र वाचापुरतं शिकाडा.' आता तिला कोणाचं पत्र येणार? विचारलं नाही.

४ ऑगस्ट

कानबाईचे गहू काढले. वर्षात भाऊबंदात नवा पोरगा आला नाही, कोणी पुरुष गेला नाही. काकू म्हणाली, 'चुडामणनी मूठ कमी करा, पोरगी शे ती.' झुंबरबाई म्हणाली, 'देवीले दिधेल मूठ मांगे लेतस का?' काकूनं मूठ टाकली.

मी पेन्सिल घेऊन होतोच. एक्केचाळीस. आणि मग सुपात आणखी एक मूठ पडली, नाव न घेता. काकू ओरडली, 'हाई कोनी?'

'मनी,' झुंबरबाई म्हणाली. 'मनं नाव पटवर शे.'